कंपनीच्या क्रिकेट स्पर्धेत भावाचा गुडघा गेला. सुट्टीचा दिवस होता म्हणून भरपाई नाही?

गुरुवारकर (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार. एरवी मी वाचनमात्र असतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

माझा धाकटा भाऊ चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत सीएनसी ऑपरेटर आहे. वय ३०, पर्मनंट, पगार २४ हजारांच्या आसपास. कंपनीत दरवर्षी डिपार्टमेंटवार टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा होते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मशीन शॉप विरुद्ध क्वालिटी सामना होता, दिवस गुरुवार, म्हणजे आमच्याकडची साप्ताहिक सुट्टी. भाऊ बाउंड्रीवर चेंडू अडवायला पळाला, बुटाचा पुढचा भाग मुरमात रुतला आणि अंग वळलं. पाय मात्र वळला नाही. एसीएल (गुडघ्यातला अस्थिबंध) तुटलं, मेनिस्कसही (गुडघ्यातली कूर्चा) फाटला. ऑपरेशन, नी ब्रेस, फिजिओ मिळून सव्वादोन लाख गेले, त्यातले एक लाख मेडिक्लेमने दिले. चार महिने घरी होता. शिल्लक रजा संपल्यावर सगळं बिनपगारी.

एचआरचं म्हणणं एका ओळीत: "सुट्टीच्या दिवशी, ग्राउंडवर, स्वखुशीने खेळताना लागलं. मशीनवर लागलं असतं तर कंपनीने बघितलं असतं."

हे बरोबर आहे का? की आणखी काही मार्ग आहे? जाणकारांनी सांगावं.

रुमाल_टाकून

वाचनखूण साठवली. आमच्याकडे पुढच्या महिन्यात बॉक्स क्रिकेट आहे. 😬

शिरोलीचा_कारखानदार

कटू वाटेल पण बोलतो. भावाला लागलं त्याचं वाईट वाटलं. पण कंपनीने जर्सी दिली, नाश्ता दिला, ट्रॉफी ठेवली, आणि आता पायाचं बिलही तिनेच भरायचं? माझ्याकडे ४० माणसं आहेत. दसऱ्याला खंडेनवमीची पूजा झाली की मी सगळ्यांना जेवायला नेतो. उद्या कोणी हॉटेलच्या पायरीवर घसरला तर ते माझ्या अंगावर का? असंच चाललं तर मालक लोक हे सगळं बंद करतील, आणि मग तुम्हीच म्हणाल की मालक माणूसघाणा आहे.

भोसरी_युनियन

@शिरोलीचा_कारखानदार, शेठ, जेवायला नेणं वेगळं आणि "तुमच्या डिपार्टमेंटची टीम का नाही आली" असं सोमवारच्या मीटिंगमध्ये विचारणं वेगळं. आमच्या इथे एका पोराने खेळायला नाही म्हटलं, तर सुपरवायझरने त्याला सलग दोन आठवडे थर्ड शिफ्ट लावली. याला स्वखुशी म्हणायचं?

लेबरकोर्टातला_काळा_कोट

धागाकर्ते, "सुट्टी" आणि "मैदान" या दोन शब्दांवर दावा पडत नाही. एचआरने तुम्हाला अर्धाच कायदा सांगितला आहे. जरा सविस्तर लिहितो.

पगार २१ हजारांच्या वर आहे, म्हणजे भाऊ ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा) बाहेर. त्याला लागू होतो १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा (२०१० पर्यंत नाव 'कामगार भरपाई कायदा' होतं). सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, पण अपघात त्याआधीचा असल्याने जुन्याच कायद्याने चालेल. त्याच्या कलम ३ मध्ये दोन अटी आहेत: अपघात नोकरीच्या ओघात घडलेला हवा आणि नोकरीतून उद्भवलेला हवा. कामाची वेळ, कारखान्याचं फाटक, अंगावरचा युनिफॉर्म हे शब्द त्या कलमात नाहीत.

कोर्टांनी "ओघ" किती लांब ताणला आहे ते बघा. १९५७ साली बेस्टचा एक बसचालक ड्युटी संपवून, जोगेश्वरी डेपोत गाडी लावून, दुसऱ्या बेस्ट बसने सांताक्रूझला घरी चालला होता. वाटेत अपघात होऊन तो गेला. ड्युटी संपली होती, बस तो चालवत नव्हता, तरीही १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेस्टला जबाबदार धरलं. कारण असं की चालकांना बसमधून फुकट ये-जा करू देण्यात बेस्टचा स्वतःचा फायदा होता, माणूस वेळेवर आणि ताजातवाना कामावर यावा म्हणून. इथे लक्ष द्या. *मालकाला त्यातून काय मिळत होतं*, हे कोर्टाने तपासलं.

अगदी अलीकडचं उदाहरण धाराशिव जिल्ह्यातलं. साखर कारखान्याचा रखवालदार, पहाटे ३ ची पाळी, मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना सुमारे पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. ही घटना एप्रिल २००३ ची. भरपाई आयुक्तांनी भरपाई मंजूर केली, उच्च न्यायालयाने काढून घेतली, आणि २९ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली. घर ते काम हा प्रवास, वेळ-जागा-कारण यांचा नोकरीशी धागा जुळत असेल तर, नोकरीच्या ओघातच धरायचा, असा तो निकाल. बायका-पोरांनी बावीस वर्षं वाट पाहिली, हेही त्यात वाचून घ्या.

आता दुसरी बाजू. ईएसआयच्या एका खटल्यात १९९६ ला सर्वोच्च न्यायालयानेच सायकलवरून कामाला निघालेल्या कामगाराला, फॅक्टरी एक किलोमीटरवर असताना, नाही म्हटलं होतं. आणि खेळाबाबत इंग्लंडचा १९७७ च्या सुमाराचा निकाल मालकांचे वकील हमखास काढतात: पोलीस दलाच्या संघातून फुटबॉल खेळताना शिपायाला लागलं. दलाचं प्रोत्साहन होतं, वरिष्ठांची अपेक्षाही होती. तरी कोर्ट म्हणालं की फुटबॉल खेळणं हे त्याचं काम नव्हे.

म्हणून तुमच्या केसमध्ये सगळा खेळ पुराव्याचा आहे. स्पर्धा कोणी ठरवली, पैसे कोणी दिले, नाही म्हणायची सोय खरोखर होती का, आणि कंपनीने त्यातून काय कमावलं (फोटो, वार्षिक अहवाल, फेसबुक पेज). काय काय हातात आहे ते सांगा.

सॅन_होजेकर

इथे कॅलिफोर्नियात हा प्रश्न थेट कायद्यात लिहून ठेवला आहे. लेबर कोडचं कलम ३६००, त्यातला (अ)(९): कामाबाहेरच्या ऐच्छिक करमणुकीत, सामाजिक कार्यक्रमात किंवा खेळात लागलं तर भरपाई नाही. *मात्र* तो खेळ नोकरीची "रास्त अपेक्षा" असेल, किंवा उघडपणे वा आडून सक्तीचा असेल, तर भरपाई आहे. कामाच्या ठिकाणी कामगार विम्याची जी नोटीस भिंतीला लावलेली असते, तिच्यातही हे वाक्य असतं. आमच्या पँट्रीत कॉफी मशीनच्या वरच आहे, कोणी वाचत नाही.

यावरचा गाजलेला खटला १९८३ चा, एझी नावाचा. वकिलांच्या फर्ममध्ये पार्टटाइम काम करणारी विद्यार्थिनी फर्मच्या सॉफ्टबॉल सामन्यात जखमी झाली. एका भागीदाराने तिच्या हातात टीशर्ट आणि सामन्यांचं वेळापत्रक ठेवलं होतं. कोर्टाने दोन प्रश्न विचारले: तिला मनापासून वाटत होतं का की खेळणं अपेक्षित आहे? आणि तसं वाटणं परिस्थिती पाहता रास्त होतं का? दोन्हींना हो, म्हणून ती जिंकली. पण नुसतं "मला वाटलं" म्हणून हरलेलेही इथे पुष्कळ आहेत.

पर्थचा_पाटील

ऑस्ट्रेलियातलं १९९२ चं एक. खाणीवर माउंट न्यूमनला तीन महिन्यांसाठी नेलेला कामगार, मुक्काम कंपनीच्या कॅम्पात. रविवारी काम नव्हतं, तर सुपरवायझरने कंपनीच्या गाड्यांतून सगळ्यांची विटेनूम घळ बघायला सहल काढली. गाडी उलटली. हायकोर्टाने (इथलं सर्वोच्च) भरपाई दिली: दोन पाळ्यांच्या मधल्या वेळेत मालकाने ज्या जागी जायला किंवा जे करायला उद्युक्त केलं, तिथे झालेली इजा नोकरीच्या ओघातलीच.

मग २०१३ ला त्याच कोर्टाने लगाम खेचला. सरकारी कामासाठी मोटेलात उतरलेल्या बाईंच्या अंगावर पलंगावरचा दिवा पडला, त्या वेळी त्या... एकट्या नव्हत्या. कोर्ट ४ विरुद्ध २ ने म्हणालं, मोटेलात राहा असं मालकाने सांगितलं होतं, *ते* करा असं नव्हतं सांगितलं. 😄

रुमाल_टाकून

धाग्याचा टीआरपी वाढला.

सुभेदार_सातारा

(निवृत्त.) फौजेत हा घोळ फार आधी सोडवून ठेवलाय. १९८२ च्या एंटायटलमेंट (पेन्शनच्या हक्काच्या) नियमांत स्पष्ट होतं की सर्व्हिस अथॉरिटीने आयोजित केलेल्या किंवा परवानगी दिलेल्या रिक्रिएशनमध्ये जवान *ड्युटीवर* धरायचा. युनिटच्या टीमकडून खेळताना पाय मोडला तर ड्युटी. त्याच जवानाने स्वतःच्या हौसेने खासगी मोहिमेत डोंगर चढला आणि पडला तर ड्युटी नाही. रजेवर गावाला स्कूटरवरून पडलेल्यांच्या केसेस सुप्रीम कोर्टातून परत आल्यात.

पण एक गोष्ट मी पोरांना नेहमी सांगायचो. व्हॉलीबॉल खेळताना बोट जरी मोडलं तरी त्याच दिवशी एमआय रूमला (युनिटच्या दवाखान्यात) जा आणि इंजुरी रिपोर्ट भरून घ्या. "एवढ्याशाला काय" म्हणणारे पंधरा वर्षांनी पेन्शनच्या वेळी कागद शोधत फिरतात. तुमच्या भावाने सामन्याच्या दिवशी काही लिहून दिलं का?

गुरुवारकर

सगळ्यांचे आभार. सुभेदारसाहेब, तिथेच गाडी अडतेय. त्या दिवशी लेखी काही दिलं नाही. कंपनीच्याच ॲम्ब्युलन्समधून हॉस्पिटलला नेलं, केसपेपरवर "क्रिकेट खेळताना पडून दुखापत" असं आहे. सेफ्टी ऑफिसर येऊन बघून गेला, पण अपघाताच्या रजिस्टरात नोंद नाही.

काळ्या कोटवाल्या साहेबांनी विचारलं म्हणून भावाकडून खोदून खोदून काढलं:

व्हॉट्सॲप ग्रुपवर एचआरचा मेसेज आहे: "सर्व विभागप्रमुखांनी आपल्या संघाची यादी शनिवारपर्यंत द्यावी. प्रत्येक विभागाचा सहभाग अपेक्षित." जर्सीवर कंपनीचा लोगो. ग्राउंडचं भाडं कंपनीचं. आणि हो, जे खेळायला आले त्यांना नंतर एक सी-ऑफ (बदली सुट्टी) मिळाला. भावाला वाटलं ही बारीकसारीक गोष्ट, म्हणून आधी बोलला नाही.

लेबरकोर्टातला_काळा_कोट

बारीकसारीक?! अहो, अख्ख्या धाग्यात यापेक्षा वजनदार कागद नाही. सी-ऑफ कशाचा देतात? सुट्टीच्या दिवशी *काम* केल्याचा. कंपनीने स्वतःच्या मस्टरवर त्या गुरुवारची हजेरी मान्य केली आहे. आता "तो घरचा दिवस होता" हे म्हणायला तोंड राहिलं नाही. सी-ऑफची नोंद सिस्टीममध्ये आहे तोवर स्क्रीनशॉट घ्या, पगाराच्या स्लिपवर दिसत असेल तर तीही. ग्रुपवरचा मेसेज एक्सपोर्ट करून ठेवा. ग्रुप कधीही डिलीट होतो.

आकडे सांगतो, म्हणजे अपेक्षा जमिनीवर राहतील. या कायद्यात वेतनाची कमाल मर्यादा १५ हजार आहे (३ जानेवारी २०२० पासून). पगार २४ असला तरी हिशोब १५ वर.

तात्पुरत्या अपंगत्वासाठी दर पंधरवड्याला वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे ३,७५०. चार महिन्यांचे साधारण ३० हजार.

उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा, आणि त्याला ही १५ हजारांची कात्री लागत नाही. २००९ च्या दुरुस्तीने ४(२अ) हे पोटकलम आलं. वकीलसुद्धा मागायला विसरतात. तुमच्या खिशातून गेलेले सव्वा लाख इथे मागायचे.

गुडघा पहिल्यासारखा झाला नसेल तर कायमचं अंशतः अपंगत्व. बोट तुटलं, डोळा गेला, यांचे टक्के परिशिष्टात छापलेले आहेत, एसीएलचे नाहीत. तिथे कमावण्याची क्षमता किती घटली हे डॉक्टर ठरवतात. कायद्यात वयानुसार गुणक दिलेला आहे, तीस वर्षांच्या माणसाचा २०७.९८. पंधरा हजाराचे ६० टक्के नऊ हजार, गुणिले २०७.९८, म्हणजे १८,७१,८२० हे शंभर टक्क्यांचे झाले. डॉक्टरांनी दहा टक्के घट लिहिली तर १,८७,१८२. भाऊ आठ तास मशीनसमोर उभा राहून काम करतो हे डॉक्टरांना मुद्दाम सांगा. खुर्चीवरच्या माणसाचा गुडघा आणि ऑपरेटरचा गुडघा यांच्या कमाईवर होणारा परिणाम सारखा नाही.

महिन्याभरात दिलं नाही तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे तुमच्याकडे फार वेळ नाही. पुण्यात ही दरखास्त कामगार न्यायालयातच चालते. त्याआधी कंपनीला लेखी नोटीस द्या: तारीख, जागा, कसं लागलं. रजिस्टर पोस्टाने.

एचआरमधली_ताई

मी दुसऱ्या टोकाला बसते, म्हणून आतली गोष्ट सांगते. रजिस्टरात नोंद का झाली नाही? गेटवर तो हिरवा बोर्ड असतो ना, "अपघाताविना दिवस: अमुक". तो आकडा शून्यावर आणायची कोणाची छाती नसते. कस्टमर ऑडिट असेल तर विचारूच नका. मग मशीनवर चिरलेलं बोटही "घरी भाजी चिरताना" होतं, क्रिकेटचं तर सोडाच.

आणि "ऐच्छिक" बद्दल. परिपत्रकात आम्ही "सहभाग ऐच्छिक" असं ठळक टाकतो, लीगलने सांगितलेलं असतं. त्याच दिवशी प्लांट हेडचा फोन येतो की आठ टीम झाल्याच पाहिजेत. मी काय करते? सुपरवायझरना फोन करते. सुपरवायझर काय करतो ते वर भोसरी_युनियन यांनी लिहिलंच आहे. तुमच्या मेसेजमध्ये तर "ऐच्छिक" शब्दच नाही, "अपेक्षित" आहे. आमच्या लीगलने तो वाचला तर डोक्याला हात लावतील.

शिरोलीचा_कारखानदार

सी-ऑफ दिला असेल तर मग कंपनीने द्यायला हवं, हे मला पटलं. पण माझा प्रश्न राहिलाच. छोट्या मालकाने करायचं काय?

लेबरकोर्टातला_काळा_कोट

तुमच्या खंडेनवमीच्या जेवणाला धोका नाही, ज्याला यायचंय तो येतो, न येणाऱ्याची हजेरी कोणी घेत नाही. स्पर्धा किंवा सहल काढणार असाल तर त्या दिवसांपुरती गट अपघात पॉलिसी घ्या, पगाराच्या मानाने हप्ता किरकोळ असतो. न येणाऱ्याला प्रश्न विचारू नका. बस भाड्याने घेतली तर परवाना आणि विमा तपासा. बसलाच अपघात झाला तर माणसं मोटार अपघात न्यायाधिकरणात जाऊ शकतात (तिथे किंवा इथे, दोन्हीकडे नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम १६७), आणि तिथे वेतनाला १५ हजारांचं झाकण नसतं.

लोणावळा-अलिबागच्या सहलीत बाटली फुटते, त्याबद्दलही. कामगार दारूच्या अंमलाखाली होता आणि थेट त्यामुळेच लागलं, तर मालक सुटतो. पण मृत्यू झाला किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर हा बचाव चालत नाही. रिसॉर्टच्या तलावात कोणी बुडालं तर "तो प्यायला होता" एवढ्यावर सुटका नाही.

चाकण_ठेकेदारी

माझा प्रश्न वेगळा. मी त्याच पट्ट्यात ठेकेदाराकडे, हातात १६ हजार, ईएसआय कापतात. आम्हालाही टीम पुरी करायला घेतात (बोलिंगला ठेकेदारीवालेच असतात हा भाग वेगळा). मला लागलं तर?

लेबरकोर्टातला_काळा_कोट

तुमचं एका अर्थी सोपं आहे. ईएसआय असल्यावर भरपाई मालकाकडून मागता येत नाही, ईएसआयच्या कायद्यानेच ती वाट बंद आहे, जे काय ते महामंडळाकडून. नोकरीतली इजा ठरली तर तात्पुरत्या काळात वेतनाच्या ९० टक्के, पहिल्या दिवसाच्या वर्गणीपासून हक्क. नाही ठरली तरी उपचार मिळतात आणि आजारपणाचा लाभ ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, वर्गणीचे ७८ दिवस भरलेले असले तर. ठेकेदार अपघाताचा अहवाल (फॉर्म १२) भरायला टाळाटाळ करेल, तेव्हा शाखा कार्यालयात स्वतः लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. भांडण ९० आणि ७० मधल्या फरकाचं आहे, आणि कायमचं काही राहिलं तर पेन्शनचं.

कोथरूड_कीबोर्ड

आमच्या आयटीवाल्यांचं काय? टीम आउटिंगला रॅपलिंग करायला लावतात.

एचआरमधली_ताई

कंपनीची गट अपघात पॉलिसी चोवीस तासांची आहे का, आणि साहसी खेळ वगळलेत का, हे एचआरला आजच मेल करून विचारा. वगळलेले असतातच बहुतेक. मेलचं उत्तर जपून ठेवा.

गुरुवारकर

ताजी खबर. नोटीस पाठवली, पोच आली. काल एचआरने भावाला केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला. ५० हजार रोख देतो म्हणाले, एका कागदावर सही हवी: "मी स्वेच्छेने सहभागी झालो होतो, ही रक्कम अंतिम असून यापुढे माझा कोणताही दावा राहणार नाही." भाऊ घाबरलाय, नोकरी तिथेच करायचीय. आईचं म्हणणं घेऊन टाक. काय करू?

लेबरकोर्टातला_काळा_कोट

सही करू नका. कागदाचा फोटो मिळाला तर बघा.

कंपनी चहा पाजून ५० हजार काढते, म्हणजे त्यांच्या वकिलाने सी-ऑफ बघितलेला आहे. आणि समजा भावाने दबावाखाली सही केलीच, तरी हक्क सोडून देणारा करार कलम १७ प्रमाणे रद्दबातल असतो. तडजोड करायची तर कलम २८ खाली कराराची नोंद आयुक्तांकडे (पुण्यात म्हणजे कामगार न्यायालयात) व्हावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात. तेव्हा भावाने एवढंच म्हणावं: "साहेब, मला तडजोड मान्य आहे, आपण ती कोर्टात नोंदवून घेऊ." भांडण नाही, आवाज चढवणं नाही. आईंना सांगा की पैसे नाकारत नाही, पावतीनिशी घेतोय.

दरम्यान सरकारी रुग्णालयातून अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायला लागा, ससूनला तारीख मिळायला वेळ जातो. एमआरआयच्या फिल्म सोबत न्या, नुसता रिपोर्ट नको.

भोसरी_युनियन

त्या सामन्यातले दोघे साक्षीला तयार होतात का बघा. क्वालिटीवाले नकोत, त्यांचा इन्चार्ज एचआरचा माणूस आहे असं ऐकून आहे. स्कोअर लिहिणारा कोण होता? त्याची वही सापडली तर तारीख, संघ आणि "रिटायर्ड हर्ट" सगळं एका पानावर मिळेल.

गुरुवारकर

फिल्डिंग करताना लागलं दादा, रिटायर्ड हर्ट कसा असेल. 🙂 पण वहीचं डोक्यात नव्हतं. स्कोअरर स्टोअरमधला आहे, आज संध्याकाळी त्याच्या घरी जातो.